लिटरला एक किलोमीटर

४ मार्च, मंगळवार

बघून आले. लाल आहे! निर्लज्ज लाल. सव्वीस फूट लांब, मागे ट्रकला पुरेल एवढं इंजिन, आणि बसायची सोय किती जणांची — चार! उरलेली सगळी बोट म्हणजे नुसतं नाक.

मालक गुरांचा डॉक्टर आहे. मिशा भरघोस, चाल वाकडी. का विकताय विचारलं तर म्हणाला, "बोट धडधाकट आहे, माझी कंबर गेली." लाटांवर आपटून आपटून मणका सरकलाय म्हणे. हे जाहिरातीत लिहिलं नव्हतं. माणूस प्रामाणिक दिसतो. किंवा कंबर फारच दुखत असेल.

सव्वीस वर्षं कवळ्या बनवल्या. वरची, खालची, अर्धी, पूर्ण. गेल्या महिन्यात लॅब विकली, पैसे बँकेत नुसते पडलेत. लोकांच्या चावण्याची सोय करून झाली. आता माझी सोय!

नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.

५ मार्च, बुधवार

सांगितलं.

नवरा विमा कंपनीत नुकसानीचे दावे तपासतो. त्यामुळे कुठलीही वस्तू समोर आली की त्याला ती आधी जळालेली, बुडालेली किंवा चोरीला गेलेली दिसते. मला वाटलं होतं आरडाओरडा करेल. नाही! चहाचा घोट घेतला आणि विचारलं, "अ‍ॅव्हरेज किती देते?"

हाच प्रश्न मी काल डॉक्टरला विचारला होता. तो कंबर धरून हसला. "ताई, हिला अ‍ॅव्हरेज नाही विचारायचं. तासाला किती पिते, ते विचारायचं."

"बरं, किती पिते?"

"पूर्ण दाबलीत तर एकशे दहा."

"एकशे दहा काय?"

"लिटर."

नवऱ्याला मी एकशे दहा सांगितलं नाही. "आरामात चालवली तर पंचावन्न," एवढंच सांगितलं. तेही दाराकडे बघत. त्याने लगेच कागद आणला. एक रविवार, दोन तास, एकशे दहा लिटर — शेवटी आलंच ते एकशे दहा! माझी स्कूटर महिन्याला वीस पिते. "म्हणजे तू एका सकाळी साडेपाच महिन्यांची स्कूटर उडवणार." मी म्हटलं, स्कूटरवर साडेपाच महिन्यांत मला एकदाही मजा आलेली नाही.

मग त्याने कागदाची घडी घातली आणि गोड आवाजात म्हणाला, "बाबा हो म्हणाले, तर माझी काही हरकत नाही."

नीच माणूस! स्वतः नाही म्हणायची हिंमत नाही म्हणून माझ्याच बापाला पुढे केलं.

६ मार्च, गुरुवार

बाबांनी चौतीस वर्षं बस चालवली. डिझेल बचतीत डेपोत अकरा वेळा पहिले. बाकीच्यांच्या बस लिटरला साडेचारच्या पुढे जात नव्हत्या, बाबांची पाच पॉइंट चार. अकराच्या अकरा प्रशस्तिपत्रकं हॉलमध्ये फ्रेम करून लावलीत. माझं कॉलेजचं सर्टिफिकेट फ्रिजच्या मागच्या भिंतीवर आहे, फ्रिज सरकवला की दिसतं.

आमच्या घरात चहाला उकळी फुटायच्या आत गॅस बंद व्हायचा. "उरलेलं भांड्याच्या उष्णतेवर होतं." अजून कधी झालेलं नाही. मला लहानपणी पळायची चोरी होती, कारण चपला झिजतात. मोठ्याने बोललं तर विचारायचे, "एवढा जोर कशाला लावतेस? ऐकू येतंय." मी काहीही केलं की त्यांचा पहिला प्रश्न, हे कमीत झालं नसतं का? 

अशा माणसाला मी विचारायचं, की बाबा, तासाला पंचावन्न लिटर पिणारी बोट घेऊ का?

खरं सांगायचं तर मला बोट हवीच आहे. आणि बाबा हो म्हणायला हवे आहेत. पंचावन्न वर्षांची घोडी झाले तरी हवे आहेत. पैसे माझे, सही माझी, तरी त्यांच्या तोंडून "चांगलं केलंस" ऐकल्याशिवाय मला ती चालवता येणार नाही. लाज वाटते लिहायला. पण आहे हे असं आहे.

८ मार्च, शनिवार

विचारलं.

"लिटरला किती?"

"एक."

"एक काय?"

"किलोमीटर."

बाबा इतके गप्प झाले की आई स्वयंपाकघरातून धावत आली. "कोण गेलं?"

कोणी गेलं नाही, बोट आहे, असं सांगितल्यावर आई परत आत गेली. बाबांनी भिंतीवरच्या फ्रेमांकडे बघितलं. मला वाटलं, संपलं. पण म्हणाले, "कागदावर गाडी कळत नाही. चालवून बघू."

९ मार्च, रविवार

बाबा कडक इस्त्रीची पँट घालून आले. शहात्तराव्या वर्षी! बोटीभोवती एक चक्कर मारली. सवयीने टायरला लाथ मारायला पाय उचलला, टायर दिसेना, मग नुसतीच थाप मारली. डॉक्टरला विचारलं, "सर्व्हिसिंग कधी केलं?" डॉक्टरने वही दाखवली. वही नीट होती. बाबांना वही आवडली, मला कळलं.

बंदराबाहेर आल्यावर डॉक्टरने स्टेअरिंग बाबांच्या हातात दिलं. बोटीला पायाखाली एक्सलेटर नसतो, हाताशी दांडा असतो. बाबांनी तो असा पुढे सरकवला, की जणू खाली कोणी झोपलंय. ताशी सोळाचा वेग आला आणि बोटीचं नाक वर! समुद्र गायब, समोर फक्त आभाळ. पडद्यावर आकडा, तासाला छत्तीस लिटर. बाबांचा हिशेब तोंडी असतो. "किलोमीटरला सव्वादोन लिटर!" एखाद्याने चोरी पकडावी तसे ओरडले आणि दांडा मागे घेतला. बोट डुलायला लागली. पुन्हा थोडा पुढे. पुन्हा नाक वर, पुन्हा छत्तीस.

"काका, अधेमधे ठेवू नका," डॉक्टर म्हणाला. "मधे ती सगळ्यात जास्त खाते. दाबा!"

"दाबल्यावर कमी खाईल?"

"पाण्यावर चढेल. एकदा चढली की पाणी फाडावं लागत नाही, कमी खाते."

चौतीस वर्षं जे तत्त्व पाळलं, अकरा वेळा ज्याचं बक्षीस घेतलं, ते एका गुरांच्या डॉक्टरने मिनिटात मोडीत काढलं. बाबांनी माझ्याकडे बघितलं. बाबा माझ्याकडे विचारायला बघतायत, असं याआधी कधी झालं होतं? मला आठवत नाही.

"दाबा, बाबा."

दाबला. नाक खाली आलं, समुद्र परत दिसला आणि बोट घसरल्यासारखी पळायला लागली. ताशी चोपन्न, तासाला चोपन्न लिटर. किलोमीटरला बरोबर एक! बाबांनी आकडा तीनदा वाचला. "खरंच की हो," म्हणाले.

आणि मग, कोणी काही न सांगता, दांडा पार पुढे ढकलला.

अठ्ठ्याऐंशी! माझी ओढणी उडाली, ती गेलीच. डॉक्टर दोन्ही हातांनी कंबर धरून "काका! काका!" करत होता. माझ्या घशातून एक आवाज निघाला, तो मी आयुष्यात कधी काढला नव्हता. किलोमीटरला सव्वा लिटर जात होतं, पण ते मी एकटीच वाचत होते.

परत येताना बाबांनी बोट धक्क्याला अशी लावली की कोणाला धक्का लागला नाही. उतरले. पँट झटकली. डॉक्टरला म्हणाले, "बरी आहे."

मला? मला काहीच नाही. घरी येईपर्यंत बाबा मिठाची गुळणी धरून बसले.

१० मार्च, सोमवार

निकाल नाही. नवरा शीळ घालतोय.

१२ मार्च, बुधवार

फोन केला. आई म्हणाली, "फिरायला गेलेत." बोटीबद्दल काही बोलले का? "छे. माझ्याशी कधी बोलतात?"

इकडे नवऱ्याचा कागद वाढत चाललाय. जागेचं भाडं, विमा, इंजिन ऑइल, पंखा. (पंखा म्हणजे बोटीचा. तो दगडाला लागून मोडणारच, असं तो गृहीत धरून चाललाय.) मी स्वतःचा वेगळा कागद केला. महिन्यातून एकदाच. फक्त चोपन्नच्या वेगाने. पूर्ण कधीच दाबायचा नाही. समोरच्या किनाऱ्यापर्यंत जाऊन परत. तरी आकडा बघून डोळे पांढरे झाले.

मग विचार केला, पूर्ण दाबायचाच नसेल तर ही बोट कशाला? होडी घे की.

१५ मार्च, शनिवार

पेट्रोल पंपावर स्कूटरमध्ये चार लिटर भरलं. शेजारच्या टेम्पोत साठ चालले होते. मी उभी राहून आकडे बघत बसले. वीस. चाळीस. साठ. आणि हे माझ्या एका रविवारच्या निम्म्यापेक्षा थोडंच जास्त! पंपवाला म्हणाला, "ताई, तुमचं झालंय, गाडी पुढे घ्या." मी स्कूटर पुढे ढकलत नेली. पुढे उतार होता, उगाच कशाला चालू करायची! अर्ध्या उतारावर लक्षात आलं मी काय करतेय.

रक्तातच आहे. काय करणार?

नाही घ्यायची. ठरलं. तशीच बाबांकडे गेले आणि सांगून टाकलं. "परवडत नाही असं नाही, बाबा. जीव होत नाही एवढं पेट्रोल जाळायला."

बाबांनी पेपरची घडी घातली. "शहाणी आहेस," म्हणाले.

शहाणी! पंचावन्न वर्षं वाट बघितली या शब्दाची. अकरा फ्रेमांच्या शेजारी बारावी माझी लागायला हवी. आणि मला रडू यायला लागलं म्हणून चपला घालून निघाले. बाबा उठून आत गेले होते. जिन्यापर्यंतसुद्धा आले नाहीत.

१६ मार्च, रविवार

नवऱ्याने आनंदाने माझा कागद फाडला. त्याचा जपून ठेवलाय.

१७ मार्च, सोमवार

नकार कळवायला डॉक्टरला फोन केला. तो म्हणाला, "अस्सं. तरीच काका काल आले नाहीत. आजपण नाहीत."

"कोण काका?"

"तुमचे बाबा हो. गेला आठवडाभर रोज सकाळी यायचे की. दोन बस बदलून. तासभर स्टेअरिंगवर बसायचे. मी म्हणायचो, काका, चालू करून देतो. तर म्हणायचे, नको, उगाच तेल जाईल."

तो "हॅलो, हॅलो" करत राहिला.

म्हटलं, "डॉक्टर, शेवटचा भाव बोला."