नऊपैकी नऊ

१४ जुलै २०२५, सोमवार. सकाळी ११.४०

अपमान झाला तो या वेळेला. भिंतीवरचं घड्याळ पाहून ठेवलं होतं. स्थळ, लिंबायतचं फिजिओथेरपी सेंटर.

माझा उजवा खांदा कधीकधी जागेवरून सरकतो. मी तो परत बसवते. तरुणपणापासून बसवते आहे. पण परवा सुनेने, योगिताने, ते पाहिलं आणि किंचाळली. म्हणून गेले.

तिथली फिजिओ प्रियांका. पोरगीच आहे. अंगठा मनगटाला टेकवा म्हणाली, टेकवला. करंगळी मागे उभी होईपर्यंत वाकवा, वाकवली. कोपर उलटं वाकतं का? वाकतं. गुडघे? तेही. मग पाय ताठ ठेवून तळहात जमिनीला. चौसष्टाव्या वर्षी! दोन्ही बाजू धरून नऊपैकी नऊ. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बर्नाडेटने कधी कुणाला पैकीच्या पैकी दिले नाहीत.

पोरगी म्हणाली, मावशी, हे कौतुकाचं नाही, सांधे धरून ठेवणारे बंधच सैल आहेत तुमचे, आजपासून ताणणं बंद. बाकड्यावरच्या सगळ्यांनी ऐकलं.

आणि मी तिची मावशी नाही.

१७ जुलै

व्यायाम असा. दाराच्या कडीला पिवळी रबरी पट्टी बांधायची, कोपर कुशीला लावायचं, पट्टी वीतभर ओढायची आणि थांबायचं. मी विचारलं, इतकंच? म्हणाली, इतकंच, टोकाला जायचं नाही. मी आयुष्यात टोकाच्या अलीकडे थांबलेली नाही.

शेजारी व्यायामाला पांडेसऱ्याच्या कापड रंगवायच्या मिलमधला बन्सीलाल. त्याचा हात जेमतेम कानापर्यंत जातो. त्याला शाबास काका, मस्त! या देशात गुणवत्तेचं असंच होतं.

जाणं चालू ठेवणार आहे. तिचं अज्ञान आतून पाहायला हवं.

२२ जुलै

पट्टी बांधली नाही. पिवळी सर्वांत कमजोर असते, असं कळलं. काळी मागितली. म्हणाली, पिवळी आधी जमू द्या.

खरा घाव पुढे. ३ ऑगस्टला आमच्याकडे कानबाई देवी बसते. खापरावरच्या पुरणपोळ्या मी करते. पुरण भरलेली पोळी दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत मोठी करायची आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या, तापल्या मातीच्या खापरावर टाकायची. ताठ हाताच्या बाईचं ते काम नाही. सासूबाई गेल्यापासून त्या खापरापाशी दुसरं कुणी बसलेलं नाही.

प्रियांका म्हणते, यंदा नाही मावशी, खांदा पूर्ण निखळेल, सुनेला शिकवा. घरी कळल्यावर योगिता लगेच म्हणाली, मम्मी, मी तव्यावर करते ना, छोट्या छोट्या. तव्यावर! कानबाईला! चेतन, माझा मुलगा, म्हणाला, माय, तू बठी ऱ्हाय ना उगीमुगी. आई कॉन्व्हेंटची आणि लेक अहिराणीत गप्प बसवतो.

ठरलं. पोळ्या मीच करणार.

२९ जुलै. नागपंचमी

स्वतःचा व्यायाम सुरू केला आहे. ओला पंचा हातांवर घेऊन झुलवते. खांदा एकदा सरकला. लगेच बसला. याला सराव म्हणतात. प्रियांकाला सांगितलं नाही. ऐकण्याची तिची तयारी नाही.

योगिताला खापराजवळ उभं राहून पाहायची परवानगी दिली. नुसतं पाहून शिकता येण्यासारखं ते नाही, म्हणून दिली.

३ ऑगस्ट, रविवार

पहिली पोळी अशी झाली की पलीकडच्या बिल्डिंगमधल्या शांताबाई तोंडाला पदर लावून पाहत राहिल्या. दुसरी त्याहून मोठी.

तिसरीला खांदा गेला. मी बसवला. बसला नाही. पुन्हा बसवला. पोळी डाव्या हातावरून लोंबत होती. योगिताने आधी पोळी घेतली, खापरावर टाकली, मग मला धरलं. क्रम बरोबर होता.

४ ऑगस्ट, सोमवार

डाव्या हाताने लिहिते आहे. काल हॉस्पिटलात खांदा बसवला. उजवा हात झोळीत.

घरी आले तोवर पोळ्या झाल्या होत्या. सगळ्या योगिताने केल्या. खापरावर. दोन फाटलेल्या, बाकीच्या ताटाएवढ्या. ताटाएवढ्या! माझ्या पोळ्यांची सर नाही असं कुणीतरी म्हणेल म्हणून मी जेवणं होईपर्यंत पाटावर बसून होते. चेतन म्हणाला, चव तीच आहे. दोनदा म्हणाला. शांताबाईंनी योगिताला विचारलं, पुढच्या वर्षी आमच्याकडे येशील का गं पोळ्यांना? मी समोरच होते.

आज कानबाई विसर्जनाला तापीला गेली. मी गॅलरीतून हात जोडले. म्हणजे एकच.

आता लेखी मागणी. पुढच्या कानबाईला मी खापरापाशी बसेन की नाही, हे प्रियांकाने कळवावं. बसेन, तर त्यासाठी पिवळी पट्टी किती महिने, तेही. तोंडी उत्तर चालणार नाही. तोंडी ती मावशी म्हणते आणि माझा राग टिकत नाही. मुदत शुक्रवार, ८ ऑगस्ट, सकाळी अकरा. उत्तर हातात द्यावं.

अकराला माझी तिथे अपॉइंटमेंट आहे. मीच मागून घेतली.