चौथ्या कोपऱ्याची दोरी

प्रिय अशू,

एवढं लांबलचक मराठी वाचायचं म्हणजे तुझ्या कपाळाला आठ्या पडणार, ठाऊक आहे. पण हे फोनवर बोलण्यासारखं नाही, म्हणून लिहिते. आम्ही पुन्हा झेलंडच्या समुद्रकाठी त्याच कॅम्पिंगवर आलो आहोत, अगदी त्याच जागी. वारा तसाच आहे, चहात वाळू तशीच येते, आणि कॅरॅव्हॅन लावताना बाबा तसेच सगळ्यांवर खेकसतात. फक्त यंदा सगळे म्हणजे मी एकटीच.

मागच्या वर्षी कॅरॅव्हॅनपुढचा तंबू तू उभारला होतास. बाबा हट्टानं लोखंडी खुंट्या ठोकत होते आणि वाळूतून त्या नुसत्या हातानं उपटून येत होत्या. तू मात्र मी सिंकखाली जपून ठेवते त्या तांदळाच्या रिकाम्या पिशव्या मागितल्यास, ज्यांवरून मला इतकं चिडवायचीस त्याच. त्यांत वाळू भरून हातभर खोल आडव्या पुरल्यास आणि तंबूच्या दोऱ्या त्यांना बांधल्यास. मला फार अभिमान वाटला होता गं. तेव्हा बोलले नाही, ते आता सांगते.

दुपारी समुद्रावरून परतलो, तर तंबू शेजाऱ्यांच्या गाडीवर. बाबांनी चारचौघांत तुला ऐकवलं, की अर्धवट कामं करायची तुला सवयच आहे. वाखनिंगनच्या विद्यापीठातलं शिक्षण तू नुकतंच सोडलं होतंस, तेव्हा घाव कुठे बसला ते सगळ्यांनाच कळलं. तू सॅक उचललीस आणि थेट हॉलंडच्या दुसऱ्या टोकाला, ग्रोनिंगनला मैत्रिणीकडे निघून गेलीस. तेव्हापासून वाढदिवसाचा मेसेज तेवढा येतो. दिवाळीतल्या तुझ्या वाटणीच्या करंज्या मी मार्चपर्यंत फ्रीजरमध्ये ठेवल्या होत्या.

काल बाबा तंबूच्या दोरीसाठी खड्डा खणत होते, तर फावडं कशाला तरी अडलं. तुझी पिशवी! त्या गडबडीत चारही तशाच राहून गेल्या होत्या, आणि एकही जागची हलली नव्हती. चौथीची दोरी बाबांनी पार टोकापर्यंत बोटांतून ओढून पाहिली. मग हळूच म्हणाले, पोरीनं पक्कं केलं होतं गं, ही दोरी तर तुटलेलीही नाही.

तुटेल कशी? ती मी सोडली होती, अशू. आंघोळीचे ओले टॉवेल आणि बाबांचा पंचा वाळत घालायला दोरी हवी होती. समुद्रावर निघताना तंबूच्या वाऱ्याकडच्या कोपऱ्याची सोडली, बाजूच्या खांबाला बांधली, म्हटलं तासाभराचा तर प्रश्न आहे. परतल्यावर तुम्ही तंबूकडे धावलात, तेव्हा मी घाईघाईनं टॉवेल काढले आणि दोरी वाळूत दडपली. बाबा तुला बोलत होते आणि मी टॉवेलांच्या घड्या घालत होते. वर्षभर गप्प बसले. फार लाज वाटते मला. माफ कर, बाळा.

बाबांना कालच सगळं सांगितलं. ते उठले आणि जाऊन वाळूत बसले. आज सकाळपासून त्यांनी तीन दोऱ्या तुझ्या पिशव्यांना बांधल्या आहेत. चौथी तशीच पडली आहे आणि तंबू अजून जमिनीवर आहे. म्हणतात, तिच्यासारखी गाठ मला येत नाही.

येते गं त्यांना. पुढचा आठवडाभर आम्ही इथेच आहोत.

तुझीच,
आई