तीन दिवसांची बिअर

हॉर्निनडाल,
बुधवार, १७ जून १९९८

प्रिय ओडवार,

तू आणि मारित सुखरूप घरी पोचलात हे माझ्या भावजयीकडून, बोर्गिलकडून फोनवर कळलं. तू स्वतः फोनवर आला नाहीस, मेंढ्यांकडे गेला होतास म्हणे. जूनमध्ये मेंढ्या वर डोंगरात असतात एवढं मलाही समजतं, पण असू दे. इकडे सगळं ठीक आहे. माझ्या नवऱ्याचा गुडघा कुरकुरतो आहे, पावसानं दोन दिवस उघडीप दिली आहे, आणि सायीचा केक अजून उरलाय, कारण तुझ्या वाट्याचा तसाच राहिला.

शनिवारी तू सगळ्यांसमोर मला एक प्रश्न विचारलास. बिअरचा घोट घेतलास, डोळे मिटलेस आणि म्हणालास, "योरुन, या बिअरचं विरजण कुठलं?" मी म्हटलं, "शेजारच्या रास्मुसकडचं." तू वाडगा खाली ठेवलास, मान डोलावलीस आणि लेकीला घेऊन गाडी काढलीस. पाच तासांचा रस्ता, मधे फेरीबोट, एवढा खटाटोप करून आलास आणि एका घोटावर परत गेलास. त्या प्रश्नाचं उरलेलं उत्तर द्यायला बसले आहे. पण मला माझ्या चालीनं लिहू दे. तू फक्त शेवट पाहिलास. आधी काय झालं तेही ऐक.

शेती सिन्नोवेच्या नावावर करायचा दिवस ठरला तेव्हा हातात अकरा दिवस होते. साठ माणसं येणार. दुकानातून बाटल्या आणू असं आमचे हे म्हणाले, तेव्हा मी त्यांच्याकडे नुसतं बघितलं, आणि तो विषय तिथेच संपला. माझी थोरली लेक घराची मालकीण होणार आणि पाहुण्यांना मी दुकानची बिअर पाजणार? मी बाबांची बिअर करणार होते. काळी, दाट, चार तास उकळलेली. खरं सांगते, तुझ्यासाठीच करणार होते. तू येशील की नाही ते ठाऊक नव्हतं, तरी तुझ्या नाकासमोर ती धरायची माझी इच्छा होती.

सिन्नोवेनं मला ओट्याजवळ गाठलं. तिचा स्वभाव तुला माहीत नाही, मला कधी कधी वाटतं की ही माझ्यावर गेली हे बरं झालं नाही. ती म्हणाली, "आई, आजोबांची ती बिअर मुरायला महिना लागतो. आणि दोन वाडग्यांत माणूस आडवा होतो. मला लोक नाचताना बघायचेत, कुंपणाला टेकून घोरताना नाही. उन्हात घटाघटा पिता येईल असं काहीतरी कर." मी म्हटलं, असली पातळ बिअर आपल्या घरात होत नाही. ती म्हणाली, "आजी करायची की. तूच सांगितलंयस."

आई करायची, हे खरंच होतं. तुला आठवतं का? बाबा पहिल्या पाण्यात धान्याची सगळी गोडी काढून घ्यायचे, मग त्याच चोथ्यावर आई जुनिपरच्या वासाच्या झुडपाच्या फांद्यांचं गरम पाणी पुन्हा ओतायची आणि त्या दुसऱ्या पाण्याची गवतकापणीची बिअर करायची. तिसऱ्या दिवशी तयार. बाबा तिला गवताचं पाणी म्हणायचे आणि मोठ्यानं हसायचे. पण कापणीच्या दुपारी पिंप रिकामं व्हायचं ते आईचं, आणि पिणाऱ्यांत बाबा पहिले असायचे. गावात कुणी कधी आईला बिअर करणारी म्हटलं नाही. ती नुसती चोथा धुणारी होती.

तेव्हा मी ठरवलं. बिअर आईचीच करायची, हलकी आणि तीन दिवसांची, पण चोथ्यावर नाही. या वेळी आईच्या बिअरला पहिलं धान्य मिळणार. मोड आणून वाळवलेल्या सातूचा कोरा, ताजा माल्ट, जुनिपरच्या कोवळ्या फांद्या मी स्वतः कापून आणल्या, आणि उकळणं अजिबात नाही, इकडे तशीच पद्धत आहे. बुधवारी पहाटे हंडा चढवला. दुपारी ते गोड पाणी गाळून धारोष्ण दुधाइतकं कोमट झालं, तेव्हा ते फसफसवणारं विरजण घातलं. विरजण घालताना ओरडायचं असतं ते आमच्या ह्यांना सांगितलं. बाबा म्हणायचे ना, घरातल्या पुरुषानं ओरडावं, जेवढी आरोळी मोठी तेवढी बिअर जोरकस. हे म्हणाले, माझा आवाज आता कोंबड्यालाही ऐकू जात नाही. मग सिन्नोवे पुढं झाली. बाह्या वर सारल्या आणि पिंपात तोंड घालून अशी आरोळी ठोकली की कुत्रा पलंगाखाली गेला आणि रास्मुस बांधावरून धावत आला. त्याला वाटलं कुणी विहिरीत पडलं. ओडवार, मी आयुष्यात बऱ्याच गोष्टींचा अभिमान बाळगला, त्यातल्या निम्म्या फुकटच्या होत्या. पण ती आरोळी माझ्या लेकीची आहे याचा अभिमान खरा आहे.

शुक्रवारी बिअर पिंपातून काढली आणि शेजारी चाखायला आले. रास्मुस तीन वाडगे प्यायला. मग चौथा मागितला. त्याच्याकडून एवढं कौतुक पुरेसं असतं. शनिवारी तू पाहिलंस. फिकट सोनेरी, संत्र्याच्या सालीचा किंचित वास, आणि पिताना घशाला कुठं अडत नाही अशी. तू गेल्यावर काय झालं ते सांगते. दीडशे लिटरचं पिंप संध्याकाळच्या आठ वाजता कोरडं पडलं. पाद्रीबाईंनी दोनदा विचारलं, अजून आहे का. सिन्नोवेचा धाकटा भाऊ टेबलावर चढून म्हणाला की शेती बहिणीला गेली ते उत्तम, नाहीतर बिअर मला करावी लागली असती. कायद्यानं आता थोरलं ते थोरलं, मुलगा असो की मुलगी. लोक नाचले. कुणीही कुंपणाला टेकून घोरलं नाही.

आता तुझा प्रश्न.

मी तुला खोटं सांगितलं नाही. मार्चमध्ये उंदरांनी माझी वाळवून ठेवलेली विरजणाची सगळी खपली फस्त केली, आणि मी रास्मुसकडूनच विरजण आणलं. पण त्याला ते एकोणतीस वर्षांपूर्वी मीच दिलेलं आहे. या गावात आज अकरा घरं त्याच विरजणावर बिअर करतात. जो मागेल त्याला मी देते. इकडची हीच रीत आहे, एका घरचं मेलं तर दुसऱ्या घरातून परत आणायचं. आपल्या बाबांनी मात्र सांगून ठेवलं होतं की आपलं विरजण उंबऱ्याबाहेर जायचं नाही.

ते गेलं, ओडवार. मी नेलं. १९५९ साली, माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी. बाबांनी शेती तुला द्यायचं ठरवलं होतं, मी पाच वर्षांनी मोठी असून. त्याबद्दल मी बोलले नाही, तसा काळच होता. पण बिअर करायला शिकव म्हणून तीन हिवाळे मी त्यांच्या मागं लागले होते, आणि ते म्हणायचे, तुला काय करायचंय, तुझ्या सासरचे पुरुष करतील. म्हणून विरजण वाळवायला खोलीत टांगलेल्या त्या लाकडी कड्यांच्या माळेवरची वाळलेली खपली मी निम्मी खरवडली आणि एका फडक्यात घेतली. आईनं दारातून पाहिलं. ती आत आली. फडकं माझ्या हातून घेतलं, नीट घडी घातली आणि माझ्या पेटीत चादरींच्या मधे ठेवलं.

नाताळात बाबांना माळ निम्मी उघडी दिसली. त्यांना वाटलं, तू मित्राला दिलीस. तू सतरा वर्षांचा होतास. त्यांनी तुला सगळ्यांसमोर मारलं आणि त्या वर्षी पिंपाजवळ उभं राहू दिलं नाही. हे सगळं मला आईनं पत्रात कळवलं होतं. शेवटी एवढंच लिहिलं होतं, "आता काय करायचं ते तू ठरव." मी काही ठरवलं नाही. एकोणचाळीस वर्षं ते पत्र माझ्या कपाटात आहे, आणि वर्षातून एकदा तरी मी ते वाचते. दरवेळी मला लाज वाटते, आणि दरवेळी मी ते परत आत ठेवते. तुझी क्षमा मागायला हवी होती, तेव्हा मागितली नाही. आता मागते.

आणखी एक गोष्ट आहे. ती लिहू की नको म्हणून हे पत्र मी दोनदा फाडलं.

बारा वर्षांपूर्वी आईच्या अंत्यविधीला आम्ही आलो होतो, तेव्हा तू तुझी बिअर वाढलीस. मी वाडगा तोंडाला लावला आणि मला पावाची चव लागली. बेकरीच्या यीस्टचा तो वास मी ओळखते. संत्र्याच्या सालीचा मागमूस नव्हता. बोर्गिलनं मला काही सांगितलं नाही, तिच्यावर चिडू नकोस, माझ्या जिभेनं सांगितलं. बाबांचं विरजण तुझ्याकडे मेलं होतं, आणि ते उंबऱ्याबाहेर कधी दिलेलंच नव्हतं, तेव्हा परत आणायला एकही घर नव्हतं. तू दुकानातलं पाकीट आणलंस आणि कुणाला कळू दिलं नाहीस. मी तेव्हाच माझ्याकडचं द्यायला हवं होतं. पण देताना चोरी सांगावी लागली असती, आणि खरं सांगू, तुझी बिअर फसली याचा मला त्या दिवशी आनंद झाला होता. माझ्या आईला पुरून आलेल्या दिवशी. बघ तुझी बहीण कशी आहे.

शनिवारी तू प्रश्न विचारलास तेव्हा तुझ्याशेजारी मारित उभी होती. नुकतीच ती रास्मुसच्या बायकोला सांगत होती की आमच्याकडचं विरजण पणजोबांच्याही आधीचं आहे, जगात फक्त आमच्याच घरी आहे, आणि माझ्या बाबांनी ते आजवर जिवंत ठेवलंय. काय चेहरा होता तिचा. अकरा दिवस मी वाट बघितली होती की तू ती बिअर पिशील आणि मी सर्वांसमोर सांगेन, हे आपल्या बाबांचं, मी राखलं, मी मुलगी असून मी राखलं. वाक्यसुद्धा तयार केलं होतं. पण तू घोट घेतलास आणि तुझ्या डोळ्यांत पाणी आलं. तुझ्या जिभेनं ते ओळखलं होतं. मी सगळं खरं बोलले असते तर तुझ्या लेकीनं पुढचा प्रश्न तुला विचारला असता, बाबा, मग आपल्याकडचं कुठलं? म्हणून रास्मुसचं नाव घेतलं.

नंतर रास्मुस म्हणाला, "योरुन, तुझंच विरजण माझं म्हणून सांगितलंस, तुला बरं वाटत नाहीये का?" मी म्हटलं, "मला इतकं बरं बऱ्याच वर्षांत वाटलेलं नाही." तो जाताना सिन्नोवेला सांगून गेला की आईकडे लक्ष ठेव.

सोबतच्या डब्यात शनिवारच्या बिअरवरची खपली वाळवून ठेवली आहे. त्याखाली घडी घातलेलं फडकं आहे, ते पेटीतलंच, घडी आईची. एक चमचा घाल, जास्त नको, आणि पाणी दुधाइतकं कोमट असू दे, तुला नेहमी घाई असते. पहिल्यांदा आईची हलकी बिअर कर, तिसऱ्या दिवशी कळेल काय ते. ओरडायचं काम मारितला दे. आणि तयार झाल्या झाल्या दोन शेजाऱ्यांना विरजण नेऊन दे, बाबा काहीही म्हणोत.

हे पत्र कुणाला दाखवायची गरज नाही. मारितनं विचारलं तर सांग की हे तिच्या पणजोबांच्याही आधीचं विरजण आहे आणि ते आपल्या घरातच जिवंत राहिलं. ते खरंच आहे. मीसुद्धा त्याच घरातली आहे.

केक टिकतो आहे तोवर ये.

बाबांची थोरली,
योरुन