आल्प्समधल्या झोपडीत पिठलं

१८ ऑक्टो. २०२०, रविवार. वेंटवर्थव्हिल
जेवताना नी. म्हणाला, "आई, आल्प्सला जाऊ या. एका दिवसाचा ट्रेक. वर एक हट आहे."
डाव हातात तसाच राहिला. दहावीनंतर एकाही गडाला पाय न लावलेले आमचे चिरंजीव हे. 'तुमचं खूळ तुम्हीच सांभाळा' म्हणून मला आणि ह्यांना दारातूनच टाटा करायचे. म्हटलं, ताप-बिप आहे का रे.
आल्प्स इथलेच, ऑस्ट्रेलियातले. गाडीने सहाएक तास. बर्फ वितळला की जायचं. मृणाल गालात हसत होती, म्हणजे नवराबायकोचं आधीच ठरलेलं. फेब्रुवारीत दोन महिन्यांसाठी आले ती अडकलेच, विमानं बंद. नी. म्हणे, "तू परत जायच्या आत एकदा तुझ्याबरोबर चढायचंय."
मी नुसतं 'बघू' म्हटलं. आतून उड्या मारत होते.

२० ऑक्टो.
पुण्याच्या ग्रुपवर टाकलं, 'आल्प्सला निघाले'. शोभाचा लगेच फोन. "आम्हाला कोथरूडबाहेर पडायची पंचाईत आणि तू स्वित्झर्लंडला?" खुलासा उद्या करीन. जळू दे थोडी.

२४ ऑक्टो.
सून फिजिओ असली की सासूची खैर नाही. पाठीवर सॅक, सॅकमध्ये तांदूळ, आणि घरातला जिना वर-खाली. चढताना ठीक, उतरताना डावा गुडघा कुरकुरतो. मी कठड्याला धरलं तर इरा खालून, "आजी, दॅट्स चीटिंग." पहिलीतली पोर. आजोबांवर गेलीय.

२ नोव्हें.
आज फजिती. नी.ला सांगितलं होतं, हटवाल्याला आधी फोन कर, चौघांचं जेवण सांगून ठेव. आपल्याकडे रीतच ती. पायथ्याला कुणाच्या तरी घरी पिठलं-भाकरी सांगायची आणि मग वर निघायचं, उतरेपर्यंत चूल पेटलेली असते. मी काही डबा बांधून कधी गेले नाही.
आणि ह्या शहाण्याने खरंच पार्कच्या ऑफिसला फोन केला. बाई हसून हसून बेजार. हटमध्ये कोणी राहत नाही म्हणे. चार भिंती, एक शेकोटी, दार उघडंच. वादळात सापडलात तर आत बसा. "नो लंच, लव्ह. यू मे मीट अ पॉसम." पॉसम म्हणजे इथलं झाडावरचं, मांजराएवढं जनावर.
नी. तोंड लाल करून माझ्याकडे बघतोय, "आई, तुझ्यामुळे." पण मग आम्ही तिघं इतके हसलो की इरा वैतागून खोलीत गेली.
ठरलं. झोपडीत कोणी नाही तर पिठलं मीच करणार. भाकऱ्या घरून.

८ नोव्हें.
छोट्या गॅसवर मागच्या अंगणात तालीम. वारा. पहिलं पिठलं गुठळ्यांचं, दुसरं बरं. वासाने शेजारचा केव्हिन कुंपणावरून डोकावला. वाटी दिली. "व्हॉट इज धिस, मेट?" नी.ने मिनिटभर विचार करून सांगितलं, "माउंटन फूड." वाटी चाटूनपुसून परत आली.
नी. रोज संध्याकाळी नकाशा उघडून बसतो. ओढा कुठे, पूल कुठे, आईला टेकायला दगड कुठे. मी चहाच्या निमित्ताने मागे उभी राहून बघते.

१४ नोव्हें. लक्ष्मीपूजन
चकल्या जमल्या. निम्म्या सॅकमध्ये. पुढच्या शनिवारी चढाई.

१७ नोव्हें.
परतीच्या विमानाची मेल आली. सीट मिळतेय. शुक्रवारची. उद्या संध्याकाळपर्यंत कळवा.
ह्याच मेलची जूनपासून वाट बघत होते. घर बंद, कुंड्या कधीच वाळल्या असतील, शोभा रोज विचारते. आणि आली तर नेमकी चढाईच्या आदल्या दिवशीची. मृ.ला हॉस्पिटलमधून सुट्टी शनिवारचीच.
नी. म्हणाला, "जा आई. परत कधी मिळेल सांगता येत नाही." आवाज अगदी सरळ. मग गॅरेजमध्ये गेला. थोड्या वेळाने गेले तर सॅकमधलं सामान एकेक काढून फळीवर ठेवत होता. मी दिव्याचं बटण लावल्यासारखं केलं आणि परत आले.


१८ नोव्हें.
नको म्हणून कळवलं. पुढची सीट कधी, देवाला ठाऊक.
नी. भडकला. "डोंगर कुठे पळून चाललाय का?"
म्हटलं, डोंगर राहील रे. माझ्या गुडघ्याचं सांगता येत नाही. आणि तुझ्या मनाचंही.
नी. उठून सॅक भरायला गेला.
शोभाला कळवायचं राहिलंय. शिव्या खाईन.

२१ नोव्हें., शनिवार. जिंदाबाईन
काल मृ.ची ड्यूटी संपल्यावर निघालो, रात्री उशिरा पायथ्याच्या ह्या गावात पोचलो, मुक्काम मोटेलात. सकाळी पडदा उघडला तर समोरचा डोंगर गायब, ढग पार रस्त्यापर्यंत. मोटेलवाली म्हणते, दहापर्यंत उघडेल, नाहीतर नाहीच उघडणार. मृ. माझ्या गुडघ्याला पट्टा बांधतेय. इराने चकल्या खायला सुरुवातही केली.
"पुलापर्यंत जाऊ, मग ठरवू," नी. म्हणतोय. बूट घालून दाराशी उभा, माझी सॅकसुद्धा त्याच्याच खांद्यावर. लहानपणी ह्याला गादीतून ओढून काढावं लागायचं. आता मलाच म्हणतोय, "आई, वही ठेव. उशीर होतोय."