खारवलेली फुलं

२४ मार्च

कॉन्व्हेंट सुटलं की नोबुए आणि मी याच बागेत डबा संपवायचो. "चिझु, घे," म्हणत ती तिचं अंडं मला द्यायची, माझा खारा मासा पळवायची. सिस्टर तेरेझा फाटकातून ओरडायच्या — मुलींनी बाकावर पाय हलवू नयेत! आज एकटीच बसले. नोबुएला जाऊन सहा वर्षं झाली. कळ्या अजून घट्ट.

२७ मार्च

वरच्या फांदीला चार-पाच फुलं!

२९ मार्च, रविवार

केवढीशी बाग — दोन झोके, एक नळ — आणि वर आभाळ दिसू नये इतकी चेरी. जुन्या, काळ्या खोडातूनसुद्धा फूल थेट बाहेर, पानाची वाट न बघता. इतकी वर्षं बघते, तरी थबकतेच.

नोबुएच्या लेकीनं, साएकोनं, सकाळीच निळं प्लास्टिक अंथरून फुलांखाली जेवायला जागा धरली होती. डबे उघडताना म्हणाली, "मावशी, एवढी जागा सोडून बाबा तुमच्याच शेजारी का बसतात हो?" तिचे बाबा, इगावा, खोकले. मी भाताचा गोळा न चावताच गिळला.

बागेच्या पायऱ्या उतरताना इगावांनी विचारलंच. उरलेले दिवस बरोबर काढू या का? घाई नाही म्हणाले. पुढच्या रविवारी उत्तराला येतील.

३० मार्च

नोबुएच्या नवऱ्याशी! लोकांचं सोडा — तिला काय वाटेल?

साएकोला फोन केला. ती हसतच सुटली. "आई म्हणायची, बाबांना कुणाच्या गळ्यात बांधायचंच झालं तर चिझुच्या. तिचा डावा कान बंद आहे, घोरणं ऐकू जाणार नाही."

फोन ठेवून रडले. मग हसले.

२ एप्रिल

वारा सुटला. बागेत पाकळ्यांचा सडा. चपला हातात घेऊन चालले, या वयात.

५ एप्रिल, रविवार

इगावा आले, खुर्चीच्या टोकावर बसले.

सोयरिकीच्या बैठकीत आमच्याकडे चहा देत नाहीत. चहा गढूळ, तसं बोलणंही गढूळ, म्हणतात. मिठात मुरवलेली चेरीची फुलं गरम पाण्यात सोडून देतात. मी आत बराच वेळ उभी राहिले. मग पेला नेऊन त्यांच्यापुढे ठेवला.

पाण्यात फूल हळूहळू उलगडलं. ते बघत राहिले.

"चिझुको-सान, हा चहा नाही."

"नाही," मी म्हणाले.

८ एप्रिल

शिलाई मशीन भाचीला, फुयुमीला. थंडीचा किमोनो साएकोला — उसवून तिच्या मापाचा करावा. भांडी शेजारच्या कामोबाईंना. जपमाळ माझ्याबरोबर येईल. गजराचं घड्याळ कुणीही न्यावं. आता उठवायला माणूस आहे.