सव्वाआठचा ठिपका

३ सप्टेंबर
पोचले एकदाची! रोडोपी डोंगरातलं हे गाव उंचावर, आभाळ धुतल्यासारखं लख्ख. शेजारच्या पेना आजींनी गरम बानित्सा, म्हणजे चीज भरलेला पापुद्र्यांचा पाव, आणून दिला. अंगणातली दुर्बीण पाहून म्हणाल्या, नवरा सोडलास, शाळेतली नोकरी सोडलीस, आता वर कोण शोधतेस गं? मी पोट धरून हसले.

५ सप्टेंबर
मागच्या आठवड्यात सोडलेला लष्करी उपग्रह आज गवसला. असल्यांची वाट कुणी जाहीर करत नाही. आम्ही हौशी मंडळीच तिन्हीसांजेला ठिपका गाठून, कोणत्या ताऱ्याजवळून कधी गेला ते टिपून ती काढतो. आमच्यातल्याच, स्लिव्हेन शहरातल्या ओग्न्यानला तो सर्वांत आधी दिसला होता. माझ्या वेळा ऐकून फोनवर म्हणाला, झिव्का, घड्याळ विहिरीत टाक तुझं, तो रोज सव्वाआठला माझ्या डोक्यावरून जातो. पण रोज? पृथ्वी फिरते, वाट सरकायलाच हवी.

८ सप्टेंबर
ओग्न्यानचा फोन त्याच्या बायकोनं, दोरानं उचलला. परवापासून तो अंगणात उभा आहे, मान वर. डॉक्टरांनी मान खाली करून पाहिली; हाड मोडेल म्हणून सोडून दिली. "तुझं तरी ऐकेल गं!" म्हणत तिनं फोन त्याच्या कानाला लावला. खूप हाका मारल्या. नुसता श्वास ऐकू आला.

१० सप्टेंबर
सव्वाआठ. ठिपका माझ्या घरावर. कालही इथेच होता. दुर्बीण पेटीत घातली, पडदे ओढले. आमच्या सगळ्या हौशी मंडळींना कळवलं, वर पाहू नका. उत्तरं आली, आम्हाला तर काही दिसतच नाही.
पेना आजींनाही बजावलं. म्हणाल्या, मला माझा पाय दिसेना, ठिपका कुठला दिसायला!

११ सप्टेंबर
आजी अंगणात. मान वर. हातात बादली, दूध सांडलेलं. हलवलं, ओरडले — मान लाकडासारखी. पापण्या मिटत नाहीत. खांद्यांवर घोंगडी टाकली. एवढंच जमलं.
दोराचा फोन. ओग्न्यान गेला. उभ्या उभ्या.

१२ सप्टेंबर
रुग्णवाहिका उद्या येणार म्हणे. निघून जावं — पण आजींना असं टाकून?

सव्वाआठ होतायत. नजर जमिनीवर ठेवूनच पाणी पाजायला गेले. पेला ओठांशी नेताना त्यांच्या डोळ्यांत पाहिलं गेलं. तिथे तो ठिपका होता. सरकत नव्हता —

आजींच्या पाठीवर वही टेकवून लिहितेय. वर पाहिलेलं नाही. मी नाही पाहिलं. मान आपोआप —

कागद दिसत नाही आता. दोरा, इकडे येऊ नकोस, कुणालाही पाठवू न