जाऊबाईंचं ‘एबल टू’

शिरूर कासार, मंगळवार, संध्याकाळ

आज थोरल्या जाऊबाईंनी माझी मान उंच केली. मी मात्र ऐन वेळी गप्प बसले, ते अजून टोचतंय.

त्या आमच्या महिला दूध संस्थेच्या अध्यक्ष. संस्थेला दूध थंड करायचं यंत्र द्यावं की नाही, हे ठरवायला परदेशी पाहुणे आले होते. सोबत पुण्याचा दुभाषा. त्यांच्यातल्या एका पाहुणीनं विचारलं, असल्या दुष्काळात तुम्हाला डेअरी चालवता येते का?

जाऊबाई म्हणाल्या, "येती की. चालवतोच हाव आमी."

दुभाषा म्हणाला, "दे आर ट्रायिंग टू."

ट्रायिंग! म्हणजे नुसता प्रयत्न! शाळेत इंग्रजी शिकवणारी मी, चूक लगेच कळली. तरी तोंड उघडेना. का?

जाऊबाईच उठल्या. "नो ट्रायिंग. वुई आर एबल टू." मग आठवून, "वुई आर गुड... ॲट इट."

ॲट! त्या धार काढायच्या आणि मी शेजारी बसून सांगायचे, ‘गुड’पुढं इथं ‘इन’ नाही, ‘ॲट’. माझी दहावीची मुलं अजून चुकतात.

पाहुणी मग थेट त्यांच्याशीच बोलायला लागली. यंत्र मंजूर झालं.

घरी येताना मी विचारलं, "एवढ्या का चिडलात?"

"चारा न्हवता, पाणी न्हवतं, तरी एक दिस डेअरी बंद ठिवली न्हाई. ह्यो नुसता प्रयत्न हाय व्हय, मंदा?"

उद्या दहावीला हेच उदाहरण देणार. आणि ते कुणाचं, तेही सांगणार.